जोशुआ ट्रीला मित्रांसोबत चढाईला जाताना: पाणी, अँकर आणि उतरायची वाट

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातले कातळ उंचीला फार मोठे नाहीत. बहुतेक चढाया १५ ते ३० मीटरच्या, एकाच टप्प्यात संपणाऱ्या. लिंगाणा किंवा तैलबैला केलेल्या माणसाला गाडीतून उतरताक्षणी हे सगळं सोपं वाटतं, आणि चढाईच्या जिममध्ये शिकलेल्याला तर पार्किंगपासून पाच मिनिटांवर कातळ म्हणजे पर्वणीच. फसगत इथेच होते. माथ्यावर तयार अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) बऱ्याचदा नसतो, उतरायची वाट मागच्या बाजूच्या दगडांमधून शोधावी लागते, आणि चढाईच्या मुख्य भागात पाण्याचा एकही नळ नाही. चढाईच्या अवघडपणापेक्षा या तीन गोष्टींची तयारी आधी करा.

कधी जायचं

ऑक्टोबर ते एप्रिल. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल सर्वांत चांगले: दिवसा २५ ते २९ अंश, रात्री १० च्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचं तापमान १५ अंशांपर्यंत जातं आणि रात्री पाणी गोठतं, तरी अनुभवी चढाईकर हेच महिने निवडतात, कारण थंड कातळावर बुटांची आणि बोटांची पकड जास्त चांगली बसते. उन्हाळ्यात पारा ३८ च्या वर जातो. तेव्हा जाऊ नका, पहाटे लवकर चढू वगैरे बेतही नकोत.

वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर उष्णता येते, म्हणून लोक थंडीचे कपडे कमी आणतात. चढाईचा मुख्य भाग असलेली हिडन व्हॅली साधारण १,२८० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा किंचित कमी, पण हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळला की अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. उणे ५ अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, पिसांचं जॅकेट, लोकरी टोपी आणि बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळताना, घालायला चामड्याचे हातमोजे प्रत्येकाकडे हवेत. बिले देणारा माणूस तासभर सावलीत उभा असतो. थंडी आधी त्याला लागते, चढणाऱ्याला नंतर.

डिसेंबरमध्ये सूर्य संध्याकाळी साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटची चढाई तीनच्या आत सुरू झाली पाहिजे. हेडटॉर्च प्रत्येकाच्या हार्नेसला (दोर बांधायच्या कमरेच्या पट्ट्याला) अडकवलेला हवा. तंबूत राहिलेला टॉर्च माथ्यावर काही कामाचा नाही.

किती जण आणि कोण

चार जण हा आमच्या मते सर्वांत चांगला आकडा. दोन जोड्या होतात, दोन दोर लागतात, एका गाडीत सामान मावतं, आणि कुणी जखमी झालं तर एक त्याच्याजवळ बसून दोघं मदतीला जाऊ शकतात. उद्यानाच्या साध्या कॅम्पसाइटवर जास्तीत जास्त ६ माणसं, ३ तंबू आणि २ गाड्या चालतात. त्याहून मोठ्या गटाला गटासाठीची वेगळी जागा आधी आरक्षित करावी लागते.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की दर दोन नवख्यांमागे एक तरी माणूस असा आहे का, जो स्वतःच्या हाताने कॅम आणि नट (भेगेत अडकवायची धातूची साधनं) लावून अँकर उभा करू शकतो? जिममध्ये किंवा बोल्ट मारलेल्या मार्गांवर कितीही अवघड चढलेला असला, तरी हे काम त्याने केलेलं नसेल तर तो इथे नवखाच. गटात असा कुणी नसेल तर पहिल्या दिवसासाठी गाइड घ्या. उद्यानाचा परवाना असलेल्या गाइडनाच तिथे पैसे घेऊन शिकवता येतं, तेव्हा परवान्याची विचारणा करूनच ठरवा. त्या दिवशी गाइडला चढाई शिकवायला सांगू नका, अँकर शिकवायला सांगा.

भारतातून कुणी येणार असेल तर त्याचा प्रवास विमा नीट वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये दोरावरची चढाई स्पष्ट शब्दांत वगळलेली असते.

मुक्काम

चढाईच्या दृष्टीने हिडन व्हॅली कॅम्पग्राउंड सर्वांत सोयीचं. तंबूपासून कातळ दोन मिनिटांवर. इथे ४४ जागा आहेत आणि ‘जो आधी येईल त्याला’ या पद्धतीने मिळतात. हंगामात शनिवारी सकाळी पोचलात तर जागा मिळणार नाही हे धरूनच चाला. गुरुवारी सकाळी पोचणं सर्वांत चांगलं. शुक्रवारी पोचायचं असेल तर सकाळी नऊच्या सुमारास, जुने लोक निघत असताना या. जंबो रॉक्स, रायन आणि इंडियन कोव्ह इथल्या जागा सरकारी आरक्षण संकेतस्थळावर सहा महिने आधीपासून मिळतात. नियम अधूनमधून बदलतात, निघण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

इंडियन कोव्ह खालच्या उंचीवर आहे, त्यामुळे कडक थंडीत ते उबदार पडतं. पण त्याचा रस्ता महामार्ग ६२ वरून वेगळा आत जातो आणि तिथून गाडीने हिडन व्हॅलीच्या भागात जाता येत नाही. बाहेर येऊन वळसा घालावा लागतो. चौघांनी इंडियन कोव्हला राहायचं आणि रोज हिडन व्हॅलीत चढायचं असा बेत केला तर रोजचा दीड तास गाडीत जातो.

तंबूच्या बाबतीत एकच गोष्ट सांगायची: इथली जमीन भरड वाळूची आहे आणि वारा जोरदार. नेहमीच्या बारीक खुंट्या वाऱ्याच्या एका झोतात उपटून येतात. ३० सेंटीमीटरच्या रुंद खुंट्या आणा किंवा पिशव्यांमध्ये वाळू भरून दोऱ्यांना बांधा. दिवसभर चढाईला जाताना आत वजन ठेवल्याशिवाय तंबू उभा सोडू नका. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावायचा नाही. दूर कुठे पाऊस पडला तरी तिथे लोंढा येतो.

पाणी आणि जेवण

उद्यानाची शिफारस माणशी दिवसाला किमान ४ लिटर, आणि अंगमेहनत असेल तर त्याच्या दुप्पट. हिशेब असा मांडा: प्यायला माणशी ६ लिटर, स्वयंपाक-धुण्याला २ लिटर. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे ९६ लिटर. अमेरिकेत पाच गॅलनचे डबे मिळतात, एकात १९ लिटर मावतं. तसे पाच डबे आणि वर काही बाटल्या. सगळं पाणी एकाच मोठ्या टाकीत ठेवू नका. तोटी गळली तर रातोरात सगळं वाळूत जातं. डबे बाहेरच भरून आणा. ते संपलं तर पश्चिम प्रवेशद्वार, इंडियन कोव्हची रेंजर चौकी आणि ट्वेंटीनाइन पाम्सचं माहिती केंद्र इथे पाणी मिळतं. उद्यानाच्या आत पेट्रोल आणि दुकान दोन्ही नाही, म्हणून टाकी भरूनच आत शिरा.

थंडीच्या दिवसांत तहान लागत नाही आणि लोक दिवसाला दीड लिटरवर राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि लोक त्याला थकवा समजतात. घाम अंगावर दिसतच नाही, हवा तो लगेच शोषून घेते. प्रत्येक चढाईनंतर अर्धा लिटर, असा नियम ठेवा. दिवसातून एक-दोन वेळा त्यात मीठ-साखर-लिंबू किंवा कोकम सरबत असू द्या. नुसतं पाणी ढोसून मीठ भरून निघत नाही.

या उंचीवर पाणी साधारण ९६ अंशांवर उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला बराच वेळ आणि गॅस जातो. तीन लिटरचा कुकर गाडीत टाकला तर मुगाची खिचडी वीस मिनिटांत होते आणि भांडंही एकच घासावं लागतं. पिठलं-भात, मेतकूट भात, उपम्याचं घरून भाजून आणलेलं मिश्रण, हे सगळं पाणी वाचवणारं. पास्ता मात्र टाळा, त्याचं उकळलेलं पाणी ओतून द्यावं लागतं. कातळावर दुपारी खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, भडंग. दशमी दोन दिवस मऊ राहते, ब्रेड मात्र उघडा ठेवला तर या हवेत अर्ध्या तासात टोस्ट होतो. स्टोव्हला वाऱ्यापासून आडोसा हवाच. नसेल तर गॅस दुप्पट जळतो. लाकूड उद्यानात गोळा करायला बंदी आहे, वाळलेली काटकीसुद्धा नाही. शेकोटी करायची तर लाकूड बाहेरून आणा आणि लोखंडी कड्यातच पेटवा. अन्न रात्री गाडीत बंद करा, कोल्हे आणि डोमकावळे पिशव्या फाडतात.

कातळ समजून घ्या

सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांचा, त्यावर गवत आणि मुरूम, खाचा आडव्या. इथला कातळ ग्रॅनाइटच्या कुळातला. तो जमिनीखाली थंड झाला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भूजलाने कोपरे गोलावले, आणि वरची माती वाहून गेल्यावर गोल ढिगाऱ्यांच्या रूपात उघडा पडला. त्यामुळे दोन प्रकारची चढाई इथे मुख्य. एक, उभ्या भेगांमध्ये हात-पाय अडकवून. दोन, उतरत्या गुळगुळीत दिसणाऱ्या पाटांवर फक्त बुटांच्या घर्षणावर.

पाट दिसायला गुळगुळीत असले तरी त्यात मोठे स्फटिक असतात आणि ते कानसीसारखे खरखरीत लागतात. दुसऱ्या दिवशी बोटांची साल निघते. त्यामुळे पहिल्याच दिवशी आठ तास चढू नका. रात्री बोटांना मलम, सुटलेली कातडी नखकात्रीने सपाट कापायची, ओढायची नाही.

पाऊस पडून गेला तर हा कातळ काही तासांत वाळतो आणि चढायला योग्य होतो. लास वेगसजवळच्या रेड रॉकला मात्र तसं करू नका. तिथला वालुकाश्म ओला असताना ठिसूळ होतो, धरलेल्या कपारी तुटून येतात आणि पुढच्या सर्वांसाठी मार्ग बिघडतो. दोन्ही ठिकाणं एकाच सहलीत करणारे हा फरक विसरतात.

अवघडपणाच्या श्रेणी अमेरिकन पद्धतीच्या: ५.४, ५.७, ५.१०अ अशा, पुढची श्रेणी म्हणजे जास्त अवघड. इथल्या जुन्या मार्गांच्या श्रेणी कडक आहेत. जिममध्ये ५.१० आरामात चढणाऱ्याने इथे ५.५ किंवा ५.६ पासून सुरुवात करावी, आणि तेही आधी टॉप रोपवर, म्हणजे माथ्यावरच्या अँकरमधून खाली आलेल्या दोरावर.

सुरुवातीला ट्रॅशकॅन रॉक घ्या. पश्चिम प्रवेशद्वारातून येताना हिडन व्हॅलीच्या अलीकडे, क्वेल स्प्रिंग्जच्या सहलीच्या जागेला लागूनच आहे. पश्चिमेकडच्या पाटावर बी-१, बी-२, बी-३ असे अगदी सोपे मार्ग आहेत, माथ्यावर चालत-चढत जाता येतं, आणि अँकर कॅमवर लावावा लागतो, म्हणजे शिकायला उत्तम. सकाळी इथे सावली, दुपारी ऊन, त्यामुळे हिवाळ्यात जेवणानंतर जा. त्यानंतर इंटरसेक्शन रॉकवरचं ५.६ श्रेणीचं माइक्स बुक्स. ओल्ड वुमन कातळावरची डबल क्रॉस ही प्रसिद्ध हाताच्या भेगेची चढाई पहिल्या दिवशी लीड करू नका, म्हणजे पुढे राहून दोर वर नेत चढू नका. श्रेणी ५.७ च्या थोडी वर आहे, पण भेग नीट सुरू होण्याआधीच्या भागात रक्षण (पडणं थांबवणारे कॅम-नट) लावणं अवघड आहे, आणि तिथून घसरून जमिनीवर पडल्याचे बरेच अपघात झाले आहेत.

काय न्यायचं

प्रत्येक जोडीसाठी ६० मीटरचा, ९.५ ते १० मिलिमीटर जाडीचा दोर. पातळ दोर या कातळावर लवकर सोलतो. पूर्ण गटासाठी २५ ते ३० मीटरचा कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोर, १० मिलिमीटरचा. टॉप रोपचा अँकर यावरच बांधायचा. नटांचा एक संच. कॅम साधारण १० ते ९० मिलिमीटरच्या भेगांना पुरतील असे, आणि हाताच्या रुंदीच्या आकाराचे दोन-दोन. ६० सेंटीमीटरच्या आठ-दहा स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फासे), १२० च्या दोन, ६ मीटर लांबीची ७ मिलिमीटरची कॉर्ड (बारीक दोरी), आठ लॉकिंग कॅराबिनर (दार बंद करून पक्कं करता येणाऱ्या धातूच्या कड्या). पुरेसा अनुभव नसेल तर कॅम विकत घेऊ नका, गाइड घ्या. कॅम लावायची चूक महाग कॅमने भरून निघत नाही. हेल्मेट सर्वांना, खाली उभ्या असलेल्यांनाही. कातळाच्या कडेला ठेवायला जुन्या सतरंजीचा किंवा गालिच्याचा दोन फुटी तुकडा. ३८ मिलिमीटर रुंदीचा चिकट टेप, माणशी एक रोल.

टॉप रोपचा अँकर

चुका इथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून सावकाश.

माथ्यावर पोचल्यावर सगळ्यात आधी कडेपासून दोन मीटर मागे, एका भक्कम कॅमला किंवा दगडाला स्वतःला बांधा. अँकर लावण्याच्या नादात कडेवर मागे सरकत जाणं हे नवख्यांच्या हमखास सवयीतलं.

मग किमान तीन जागा निवडा, आणि तिन्ही एकाच दगडात किंवा एकाच भेगेत नकोत. तो दगड हलला तर तिन्ही एकदम जातात. भेगेच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात. बाहेरच्या बाजूला उघडत जाणाऱ्या भेगेत कॅम धरल्यासारखा वाटतो आणि वजन आलं की सरकून बाहेर येतो. आतली सुटी खडी ब्रशने झाडून घ्या. कॅमचे दात खडीवर बसले तर ते गोळ्यांवर घरंगळतात. मुठीने दगड ठोका, पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. कॅम अर्ध्यापेक्षा थोडा जास्त दबलेला असावा. पूर्ण दाबून घुसवलेला कॅम नंतर निघत नाही, आणि जेमतेम उघडलेला धरत नाही. मोठा दगड वापरायचा असेल तर तो मोटारीएवढा तरी असावा, वाळूवर नव्हे तर कातळावर टेकलेला, आणि तिघांनी ढकलून न हलणारा. झाड किंवा झुडूप अँकरला वापरायला उद्यानात बंदी आहे, आणि जोशुआच्या झाडाची मुळं तसंही ते वजन घेणार नाहीत.

माथ्यावर बोल्ट दिसले तर त्यांचा व्यास बघा. १० किंवा १२ मिलिमीटरचे, न गंजलेले, न फिरणारे असतील तर चांगले. ६ मिलिमीटरचे जुने बोल्ट अजून कुठे कुठे आहेत. त्यांवर एकट्यावर भरवसा नको, कॅमची जोड द्या.

स्टॅटिक दोराचं एक टोक डावीकडच्या दोन जागांना, दोर कडेखाली नेऊन परत वर आणून दुसरं टोक उजवीकडच्या जागेला. मध्ये, कडेच्या ३० सेंटीमीटर खाली, दोर दुहेरी करून आठाची मोठी गाठ मारा, म्हणजे दोन फासे तयार होतात. त्यांत दोन लॉकिंग कॅराबिनर, दारं परस्परविरुद्ध दिशांना. दोन्ही बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांना प्रत्येक बाजूवर वजनाच्या साधारण ५८ टक्के भार येतो, ९० ला ७१ टक्के, आणि १२० अंशांना प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाएवढा. कोन रुंद झाला तर दोन जागा मिळून भार वाटून घेतच नाहीत.

गाठ कडेच्या वर राहिली तर चढाईचा दोर दिवसभर स्फटिकांवर घासतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं आवरण फाटून आतला गाभा दिसायला लागतो. म्हणून कॅराबिनर कडेखाली, आणि स्टॅटिक दोर जिथे कडेवर टेकतो तिथे सतरंजीचा तुकडा, दोरीने बांधून. सैल ठेवलेला तुकडा सरकतो.

गाठीची जागा चढाईच्या रेषेच्या बरोबर वर हवी. दोन मीटर बाजूला असेल तर पडणारा झोका घेऊन शेजारच्या कोपऱ्यावर आपटतो. अँकर तिथे लावणं शक्यच नसेल तर वाटेत एक कॅम लावून दोर त्यातून घ्या.

खाली आल्यावर दोराची दोन्ही टोकं जमिनीला टेकली आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बिलेच्या बाजूच्या टोकाला गाठ मारा. पहिला माणूस जमिनीपासून एक मीटरवर लटकून अँकरवर वजन टाकेल, माथ्यावरचा माणूस त्या वेळी प्रत्येक कॅम बघेल. चढाई सुरू होताना दोर ताठ ठेवा. २० मीटर उंचीच्या टॉप रोपवर सुमारे ४० मीटर दोर ताणाखाली असतो, तो रबरासारखा लांबतो. सैल असेल तर पहिल्या दोन-तीन मीटरांत पडलेला माणूस सरळ जमिनीवर येतो.

हाका मारताना नाव घ्या. ‘टाइट’ नुसतं ओरडलात तर शेजारच्या कातळावरच्या गटाचा बिलेवाला दोर ओढतो. ‘रोहन, टाइट’ (दोर ताण), ‘रोहन, स्लॅक’ (दोर सैल सोड). वाऱ्यात आवाज जात नाही, म्हणून आधीच ठरवा: दोराला सलग तीन झटके म्हणजे ‘मी बांधला गेलो, तू सोड’.

भेगेत हात कसा अडकवायचा

टेपचे हातमोजे आधी बनवा. हात सुका आणि सनस्क्रीन पुसलेला हवा, नाही तर टेप पहिल्या भेगेतच गुंडाळून येतो. हाताच्या पाठीवर बोटांच्या गाठींपासून मनगटापर्यंत टेपच्या तीन-चार पट्ट्या लावा. मग बारीक पट्ट्या प्रत्येक बोटाच्या बुडाभोवती फिरवून मागे आणा. तळवा मोकळा राहू द्या. शेवटी मूठ घट्ट मिटून मनगटाभोवती दोन वेढे द्या. हात उघडा ठेवून वेढे दिले तर मूठ वळताना रक्त अडतं. संध्याकाळी मनगटाच्या आतल्या बाजूला कापून काढा, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वापरता येतात.

हात सपाट, अंगठा वर ठेवून भेगेत घाला, मग अंगठा तळव्यात दुमडा. तळवा फुगतो आणि हात अडकतो. जोर बोटांनी द्यायचा नाही. पाय घालताना गुडघा बाहेर वळवून बूट आडवा करा, आत सरकवा, मग गुडघा सरळ करा. पायावर उभं राहून विश्रांती घेता आली पाहिजे. हातावरच लटकत राहिलात तर ५.६ चा मार्गसुद्धा निम्म्यात सोडावा लागतो.

पाटावर उलट. टाचा खाली, कंबर कातळापासून दूर, छोटी पावलं. घाबरून कातळाला चिकटलं की बूट घसरतात.

उतरणं

चढाई सुरू करण्याआधी मार्गदर्शिकेत उतरायची वाट वाचा आणि खालून डोळ्यांनी शोधा. पुष्कळ कातळांवर रॅपलची, म्हणजे दोरावरून उतरण्याची, सोय नाही, मागच्या बाजूने दगडांवरून उतरावं लागतं, आणि ही उतरण कधी कधी चढाईइतकीच घातक. साधे बूट हार्नेसला अडकवून वर न्या. घट्ट बुटांनी सुजलेले पाय घेऊन उतरताना घसरण्याचे प्रसंग जास्त येतात. वाट पटली नाही तर नवख्याला वरून बिले देऊन उतरवा; ‘सगळे असेच उतरतात’ यावर विसंबू नका.

रॅपल करायचा असेल तर दोराच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या गाठी, प्रत्येकी ३० सेंटीमीटर शेपूट राहील अशा. दोराचा मध्य अँकरवर आहे हे खुणेवरून खात्री करून. उतरण्याचं साधन ६० सेंटीमीटरच्या स्लिंगने शरीरापासून लांब घ्या आणि त्याच्या खाली दोराला पकडणारी गुंडाळी गाठ हार्नेसला जोडा, म्हणजे हात सुटला तरी थांबाल. पहिला माणूस खाली पोचला की त्याने दोर ओढून बघायचा, सरकतोय का. माथ्यावर माणूस असतानाच हे कळलं पाहिजे. शेवटचा माणूस उतरल्यावर टोकांच्या गाठी आठवणीने सोडा, नाही तर गाठ वरच्या भेगेत अडकते आणि दोर तिथेच राहतो. वारा असेल तर दोर खाली फेकू नका, गुंडाळी करून हार्नेसला अडकवून उतरता उतरता सोडत जा. फेकलेला दोर शेजारच्या कपारीत नक्की गुंतेल.

काटे, मधमाश्या, साप

चोया नावाचं निवडुंग स्पर्श होताच तुकडा अंगाला चिकटवून देतं. हाताने काढू नका, तो हाताला चिकटतो. कंगवा कातडी आणि तुकडा यांच्यामध्ये घालून झटक्याने उडवा. उरलेले काटे चिमट्याने. प्रत्येक जोडीच्या पिशवीत एक कंगवा असू द्या. मधमाश्या गरम दिवसात पाण्यावर येतात. उघडी भांडी आणि ओले टॉवेल झाकून ठेवा. ज्या भेगेतून भुणभुण ऐकू येते ती भेग सोडा. मधमाश्यांची ॲलर्जी असलेल्याने औषधाचं इंजेक्शन तंबूत न ठेवता अंगावर बाळगावं.

उबदार दिवसात न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नका, रॅटलस्नेक तिथे सावलीला बसतो. चावलाच तर चीर देणं, चोखणं, घट्ट बांधणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, हात शांत ठेवा आणि रुग्णालयात न्या. गाडी सुरू करण्याआधी चाकांखाली वाका, वाळवंटी कासवं सावलीला तिथे येतात.

बहुतेक भागात मोबाइलला सिग्नल नाही. इंटरसेक्शन रॉकच्या पार्किंगला आणीबाणीचा फोन आहे, तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर ते कुणाच्या पिशवीत आहे हे चौघांनाही माहीत हवं. उद्यानाबाहेरच्या एखाद्या मित्राला रोजचा कातळ आणि परतायची वेळ कळवून ठेवा.

जमिनीवरची शिस्त

पायवाटेच्या बाजूच्या वाळूवर काळपट खवल्यांसारखी साय दिसते. ते जिवंत सूक्ष्मजीव आहेत, वाळूला धरून ठेवतात, आणि एका पावलाने मोडलेलं भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. चढाईच्या वाटांवर कॅराबिनरच्या चित्राच्या खुणा लावलेल्या आहेत, त्यांवरूनच चला. जोशुआच्या झाडाला हॅमॉक किंवा स्लॅकलाइन (तोल सांभाळत चालायचा ताणलेला पट्टा) बांधायची नाही. ससाण्यांच्या विणीच्या काळात काही कातळ बंद असतात. प्रवेशद्वारावर त्यांची यादी मागून घ्या. शौचाला स्वच्छतागृह वापरा. कातळाजवळ वेळ आलीच तर खास पिशवीत बंद करून बाहेर न्या; वापरलेला कागद वाळूत पुरला तर या कोरड्या हवेत तो कुजत नाही.

परत निघायच्या सकाळी दोर पूर्ण लांबीचा हातातून काढून बघा. मऊ पडलेली, चपटी किंवा फुगलेली जागा लागली तर ती टोकाकडे असेल तेव्हा तेवढा भाग कापा, मध्यावर असेल तर दोर चढाईतून बाद. बारीक वाळू कॅमच्या सांध्यांत बसते. घरी कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, कोरडं वंगण लावा. दोर न्हाणीघरात साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून सावलीत वाळवायचा. गाडीच्या मागच्या काचेखाली, ॲसिड गळू शकेल अशा बॅटरीशेजारी ओला दोर टाकून घरी आणू नका.